मालमोटारीचें त्रैराशिक

सुशिक्षित कुटुंबांत हिशेबाचें स्थान मोठें चमत्कारिक असतें. मुलास चक्रवाढ व्याज आलें नाहीं तर वडिलांस खंत वाटते. दूधवाल्याचे खाडे गृहिणी दिनदर्शिकेवर न चुकतां मांडून ठेविते. बँकेनें मुदतीच्या ठेवीवरील व्याज पाव टक्क्यानें उतरविलें, कीं त्या दिवशींच्या चहाची गोडी जाते. परंतु ज्या तांदळाचा भात आपण जेवतों, ज्या साखरेचा चहा पितों आणि ज्या शाडूच्या गणपतीची पूजा करितों, तें सर्व ज्या मालमोटारीनें आपल्या गांवापर्यंत येतें, तिच्या मालकाच्या हिशेबाची आपणांस वार्ताही नसते. रस्त्यांत पुढें ट्रक लागला म्हणजे आपण कपाळास आठ्या घालतों, एवढाच काय तो आपला आणि त्याचा संबंध!

आमच्या पेण-रोह्याच्या टापूंत तर हें अज्ञान अधिकच अशोभनीय होय. पेण, हमरापूर, कळवें येथील कारखान्यांतून गणेशमूर्ति देशभर जातात. डोलवीस पोलाद निघतें, नागोठण्यास नैसर्गिक वायूपासून प्लास्टिकचा कच्चा माल होतो, रोह्याशेजारीं धाटावच्या औद्योगिक वसाहतींत रसायनें तयार होतात. हा सारा माल कोणी तरी वाहून नेतो. त्यांतील कित्येक गाड्या मोठ्या वाहतूक-संस्थांच्या असतात हें खरें; परंतु एकच गाडी, तीही कर्जाऊ, आणि तिचा मालक तोच चालक, अशा मंडळींची संख्याही थोडी नाहीं. पूर्वीं ह्याच प्रदेशांतील मीठ बैलांच्या पाठीवरून घाट चढून देशावर जात असे. १८३० सालीं बोरघाटांतून गाडीरस्ता झाला आणि बैलगाड्या चालूं लागल्या. त्या काळच्या गाडीवानास एक गोष्ट पुरती ठाऊक असे: गाडी भरलेली असो कीं रिकामी असो, बैल पेंड आणि कडबा खाणारच. आजच्या गाडीवानाचे बैल डिझेल खातात. फरक इतकाच, कीं उभा बैल वैरण खातांना डोळ्यांस दिसतो. डिझेल जातें तें दिसत नाहीं.

ह्या विषयाकडे आमचें लक्ष वेधलें तें आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळें. तो खारेपाटांतला. शाळेंत असतां त्याचें गणित बेताचें, पण अक्षर सुरेख. पुढें कांहीं वर्षें दुसऱ्याच्या गाडीवर चालक म्हणून राहून त्यानें स्वतःची सहा चाकी गाडी घेतली. पहिली रक्कम भरण्यासाठीं बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. एके दिवशीं तो तिला घेऊन आमच्याकडे आला. हातांत वही होती. ‘‘गुरुजी,’’ तो म्हणाला, ‘‘गाडी एक दिवस बसून नाय. पैसा येतो नि जातो. महिनाअखेर हातांत काय रहात नाय.’’ एका वाहतूकदारानें त्यास धाटाव ते पुणें अशा खेपांचा वर्षभराचा करार देऊं केला होता. खेपेस साडेनऊ हजार रुपये, दर वर्षभर कायम, डिझेलाची वाढघट ज्याची त्यानें सोसावयाची. सोमवारपर्यंत उत्तर द्यावयाचें होतें. ‘‘बांधून घेऊं काय?’’ एवढाच त्याचा प्रश्न होता. गाडी, पाटल्या आणि दोन मुलांचें शिक्षण हीं सर्व त्या प्रश्नांत गुंतलेलीं होतीं.

आम्हीं प्रथम विचारलें, ‘‘तुझी गाडी लिटरमागें किती चालते?’’ ह्यास त्या धंद्यांत ‘अॅव्हरेज’ म्हणतात. तो म्हणाला, ‘‘भरलेली चार, रिकामी साडेसहा.’’ हे आंकडे त्यानें नीट काढलेले होते, त्याबद्दल त्याची वाखाणणी केली पाहिजे. रीत अशी. टाकी कांठोकांठ भरावी, मीटरचा आंकडा टिपावा, खेप करावी, त्याच पंपावर पुन्हां कांठोकांठ भरावी. दुसऱ्या वेळीं जेवढें डिझेल मावलें तेवढें त्या खेपेचें जळलें. गाडीच्या काट्यावर अगर कंपनीच्या पत्रकांतील आंकड्यावर विसंबूं नये. आणि ही मोजणी एकदांच करून भागत नाहीं. पावसाळ्यांत, घाटांत, निराळ्या वजनास ती निराळी येते.

एथवर ठीक होतें. परंतु पुढें त्यानें वहींत चार आणि साडेसहा ह्यांची बेरीज करून निम्मे केले आणि ‘सव्वापांच’ असा अॅव्हरेज मांडला. सहज पाहणारास ह्यांत कांहीं वावगें दिसत नाहीं. किंबहुना, पदवीधर मंडळींपैकीं बहुतेक हेंच करतील. परंतु हें खोटें आहे. रोह्याहून भिसे खिंडीनें नागोठणें, तेथून वाकण फाटा, पाली, खोपोली आणि बोरघाट चढून पुणें, हें अंतर आपण हिशेबापुरतें १३० किलोमीटर धरूं. जातांना भरलेली गाडी लिटरास चार किलोमीटर ह्या मानानें ३२॥ लिटर पिते. येतांना रिकामी साडेसहाच्या मानानें २० लिटर पिते. एकूण ५२॥ लिटर. म्हणजे २६० किलोमीटरांस अॅव्हरेज पांचाच्याही किंचित् आंत. सव्वापांचाच्या हिशेबानें मात्र साडेएकोणपन्नासच लिटर लागतात. तीन लिटर कागदावर शिल्लक राहिले आणि टाकींत नाहींत!

ह्याचें कारण आमच्या पूर्वजांस चांगलें अवगत होतें. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’ंत त्रैराशिकाच्या जोडीस व्यस्त त्रैराशिक सांगितलेलें आहे. जेथें एक राशि वाढली असतां दुसरी कमी होते, तेथें सरळ त्रैराशिक लावूं नये. लिटरमागें किलोमीटर जितके अधिक, तितकें डिझेल कमी. म्हणून किलोमीटरांची सरासरी न काढतां लिटर मिळवावे. ‘‘लिटर मिळव, अॅव्हरेज मिळवूं नकोस,’’ एवढें सूत्र आम्हीं त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिलें.

शिवाय उभ्या गाडीचें डिझेल त्यानें धरलेंच नव्हतें. कारखान्याच्या फाटकाबाहेरची रांग, वजनकाटा, घाटांतील कोंडी ह्यांत इंजिन चालूच असतें. अशा गाडीचें इंजिन नुसतें चालू राहिलें तर तासास एक ते दोन लिटर जातात. आम्हीं खेपेमागें फक्त दीड लिटर धरलें. एकूण ५४ लिटर. दर सोयीसाठीं लिटरास ९० रुपये धरिला. डिझेल झालें ४,८६० रुपयांचें. टोल, वाराई, क्लीनरचा भत्ता आणि वाटखर्ची मिळून १,७०० रुपये. टायर, ऑइल, दुरुस्ती आणि नव्या गाड्यांस लागणारें तें युरियाचें पाणी (शंभर लिटर डिझेलामागें तें चार-पांच लिटर तरी जातें) ह्यांसाठीं किलोमीटरास सहा रुपये, म्हणजे १,५६०. राहिला बसून लागणारा खर्च. कर्जाचा हप्ता महिना ३२,००० आणि विमा, परवाना, कर ह्यांचे महिन्यास पडणारे ८,०००. महिन्याच्या सोळा खेपांवर हे ४०,००० वांटले तर खेपेमागें २,५००. बेरीज १०,६२० रुपये. भाडें ९,५००!

तो बराच वेळ त्या बेरजेकडे पाहत बसला. त्याच्या वहीप्रमाणें त्यास महिना साडेएकवीस हजार सुटत होते. आमच्या मांडणीप्रमाणें महिना सुमारें अठरा हजारांची खोट येत होती. आणि तींत त्याच्या स्वतःच्या मजुरीचा एक पैसाही नव्हता. ‘‘मग हप्ते भरले कसे?’’ त्यानें विचारलें. उत्तर त्याच्या बायकोनें दिलें. ती दहावीपर्यंत शिकलेली, आणि वही मधून मधून तीच लिहीत असे. ती म्हणाली, ‘‘टायरांचे पैसे आपण काढलेच नाहींत. विम्याला माझ्या भावाकडून घेतले.’’ आम्हांस ह्यापुढें कांहीं सांगावयाचें उरलें नाहीं. झिजलेल्या टायरांवर दहा टन माल घालून बोरघाटांतून जाणारी गाडी ही केवळ अंकगणितांतील खोट नव्हे. डिझेलास पैसा रोख लागतो, हप्त्यास तारीख असते. टायर मात्र मुकाट्यानें झिजतो. म्हणून तंगी आली कीं सर्व तूट त्याच्यावर पडते, आणि हिशेबांतील गफलत अखेर वळणावर कोणाच्या तरी जिवाशीं येते.

आतां करारांतील ‘दर वर्षभर कायम’ ह्या शब्दांचा विचार करूं. खेपेच्या खर्चांत डिझेलाचा वांटा शेंकडा सेहेचाळीस. आणि ह्या वस्तूचा भाव स्थिर नाहीं. ऑक्टोबर २०१४ मध्यें डिझेलाच्या किमतीवरील सरकारी नियंत्रण उठलें. १६ जून २०१७ पासून भाव रोज सकाळीं सहा वाजतां बदलण्याची पद्धत आली. २०२० च्या आरंभीं मुंबईंत डिझेल सत्तरीच्या घरांत होतें. त्याच वर्षीं मे महिन्यांत त्यावरील अबकारी कर लिटरामागें तेरा रुपयांनीं वाढला. आणि ऑक्टोबर २०२१ मध्यें भावानें शंभरी ओलांडली. पुढें नोव्हेंबर २०२१ मध्यें दहा आणि मे २०२२ मध्यें सहा रुपयांनीं कर उतरला. शिवाय १ जुलै २०१७ रोजीं आलेल्या वस्तू व सेवा करांतून डिझेल वगळलेलें असल्यामुळें त्यावरील कराची वजावटही मिळत नाहीं. ज्यानें २०२० च्या आरंभीं कायम दरानें हात बांधून घेतले असतील, त्यास पुढल्या दीड-पावणेदोन वर्षांत लिटरामागें पंचवीस रुपयांहून अधिक वाढ सोसावी लागली. चोपन्न लिटरांच्या खेपेस ती साडेतेराशें रुपयांवर जाते.

ह्यावर उपाय आहे, आणि तो दयेचा नसून न्यायाचा आहे. अमेरिकेंत सरकार दर आठवड्यास डिझेलाचा सरासरी भाव प्रसिद्ध करितें आणि पुष्कळ वाहतूक-करारांत त्या भावाप्रमाणें भाड्यावर इंधन-अधिभार चढतो वा उतरतो. आपल्याकडील मोठ्या कारखान्यांच्या करारांतही अशी कलमें असतात. परंतु मधल्या वाहतूकदारानें गाडीवाल्याशीं केलेल्या तोंडी बोलींत तें कलम मधल्यामध्येंच गळून पडतें. आमच्या विद्यार्थ्यास आम्हीं तें अगदीं सोपें करून दिलें. खेपेस जितके लिटर लागतात, तितके रुपये भाड्यांत दर रुपयाच्या फरकास मिळवावे. चोपन्न लिटर, तर डिझेल एक रुपयानें चढल्यास भाडें चोपन्न रुपयांनीं चढावें. आणि एक रुपयानें उतरल्यास तेवढेंच उतरावें. हें दुसरें वाक्य त्यानें खोडूं पाहिलें. आम्हीं तें खोडूं दिलें नाहीं. जें कलम एकाच बाजूस फिरतें त्यावर समोरचा मनुष्य सही कां करील?

दुसरी गोष्ट परतीच्या भाड्याची. पुण्याहून रिकामें येण्याऐवजीं पांच हजारांचा माल मिळाला तर? उतारावर भरलेली गाडी लिटरास पांच चालेल असें धरल्यास २६ लिटर लागतील. रिकामी येतांना लागले असते त्याहून फक्त सहा अधिक. म्हणजे ५४० रुपयांचें डिझेल, आणि वाराई-दलालीचे आठशें. निव्वळ ३,६६० रुपये पदरांत पडतात. ज्या खेपेस जातांना तोटा, त्याच खेपेस येतांना नफा! परंतु येथेंही मर्यादा आहे. गाडी उभी राहिली तरी तिचा बसून लागणारा खर्च दिवसास १,३३३ रुपये होतोच. परतीच्या मालासाठीं एक दिवस थांबणें परवडतें, दुसऱ्या दिवशीं फारच थोडें उरतें आणि तिसऱ्या दिवशीं घरचें जातें. आशेनें थांबणाऱ्यास हा आंकडा पाठ असला पाहिजे.

कोंकणाच्या दक्षिणेस जाणाऱ्या गाड्यांस आणखी एक मार्ग आहे, आणि तो आमच्याच रोहें तालुक्यांतून निघतो. कोंकण रेल्वेनें २६ जानेवारी १९९९ रोजीं कोलाड ते गोव्यांतील वेर्णें अशी भरल्या ट्रकांस आगगाडीवर चढवून नेण्याची योजना सुरू केली. चालक आपल्या गाडींतच बसून जातो आणि चारशें किलोमीटरांहून अधिक घाटवळणें टळतात. चारशें किलोमीटरांस लिटरामागें चार ह्या मानानें शंभर लिटर, म्हणजे नऊ हजारांचें डिझेल वांचतें. शिवाय टायर आणि झोप. रेल्वेचें भाडें आणि फलाटावरील खोटी ह्यांची रक्कम एका बाजूस आणि हीं तीन दुसऱ्या बाजूस घालून निर्णय करावा. पनवेल-इंदापूर ह्या ८४ किलोमीटरांच्या रुंदीकरणास २०११ मध्यें हात घातल्यापासून ज्यांनीं त्या रस्त्यावर दिवस काढले, त्यांस झोप आणि टायर ह्यांची किंमत निराळी सांगावयास नको.

राहिली काटकसर. वेग वाढला कीं वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. साठाच्या ठिकाणीं ऐशींनें हांकल्यास तो पावणेदोन पटींहून थोडा अधिक होतो. टायरांत हवा कमी असेल तर गाडी जणूं सतत चढावर चालते. ताडपत्री फडफडती राहिली तर तीही डिझेल खाते. जुलै २०१८ मध्यें सरकारनें वजनाची कायदेशीर मर्यादा वाढविली, तीन आंसांच्या गाडीची २५ टनांवरून २८॥ टनांवर नेली. परंतु परवानगी म्हणजे फायदा नव्हे. टन वाढल्याचें भाडें वाढलें तरच तें वजन घ्यावें. उलट पक्षीं, वजन कमी म्हणजे डिझेल कमीच, असेंही नाहीं. पेणेचे गणपति वजनास हलके; पण पेंढा घालून, दोर बांधून, खड्ड्यांतून पाऊल मोजीत न्यावे लागतात. गियर खालचे, वेळ दुप्पट. म्हणून मूर्तींचें भाडें टनावर न ठरवितां दिवसांवर आणि लिटरांवर ठरवावें.

एक काटकसर मात्र आम्हीं त्यास करूं दिली नाहीं. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या मालमोटारींत चालकाच्या खोलीस वातानुकूलन सक्तीचें झालें आहे. त्यानें थोडें डिझेल अधिक जाणार, अशी कुरकुर ऐकूं येते. वैशाखांत इंजिनाशेजारीं बसून घाट चढणाऱ्या मनुष्यास गार हवा ही चैन नव्हे. त्याची डुलकी लिटरांत मोजतां येत नाहीं.

सोमवारीं तो वाहतूकदाराकडे गेला तेव्हां कागद बायकोनें लिहिलेला होता. भाव चढला-उतरला तर दररोज भाडें बदलण्यास समोरचा तयार झाला नाहीं. बरीच ओढाताण होऊन खेपेस दहा हजार आणि दर तीन महिन्यांनीं डिझेलाप्रमाणें फेरमांडणी, एवढ्यावर बोली ठरली, आणि ती लेखी झाली. निम्म्या खेपांस परतीचा माल मिळाला तर खेपेमागें सरासरी १,२१० रुपये, म्हणजे महिना एकोणीस हजारांवर थोडे. त्याच्या मूळ समजुतीहून हे कमीच. परंतु ह्यांत टायरांचे पैसे आधीं बाजूस निघतात. गेल्या खेपेस मागचे चारही टायर नवे घातल्याचें त्यानें आम्हांस आवर्जून कळविलें. पाटल्या अद्याप सुटलेल्या नाहींत.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं मुलगे आणि सुना मोठ्या कारखान्यांत, बँकांत आणि हिशेब तपासणाऱ्यांच्या कचेऱ्यांत काम करितात. वाहतुकीचे करार अखेर त्यांच्याच मेजावरून जातात. गाडीसाठीं कर्ज मागणाऱ्याचा अर्जही त्यांच्याच हातीं येतो. इंधनाचें कलम शेवटच्या गाडीवाल्यापर्यंत पोंचलें किंवा नाहीं, एवढें विचारण्यास त्यांस खर्च येत नाहीं. आणि घरांतील दहावीच्या मुलास सुटींत एखादें गणित घालावयाचें असेल, तर नळ आणि हौद बाजूस ठेवून हें घालावें: भरलेली चार, रिकामी साडेसहा, अंतर तेवढेंच, सरासरी किती? त्याचें उत्तर सव्वापांच आलें, तर त्यास रोहें ते पुणें रस्ता नकाशावर दाखवून पुन्हां बसवावें.